क्रमवारीचा नियम कोणाचा?

क्रम लावणे हे माणसाचे फार जुने काम आहे. कोशातील शब्द, ग्रंथालयातील पुस्तके, हजेरीपटावरील नावे, परीक्षेनंतर बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, या सर्वांमागे कोणीतरी शांतपणे बसून लावलेला क्रम असतो. आज हे काम पुष्कळ ठिकाणी संगणकाकडे गेले आहे. शेकडो नावांची यादी तो पापणी लवते न लवते तोच लावून देतो. त्यामुळे एक समज मूळ धरू लागला आहे की, क्रम संगणकाने लावला म्हणजे तो निःपक्षपाती झाला, आणि त्याबद्दल कोणी काही विचारण्याचे कारण उरले नाही. आमच्या मते हा समज चुकीचा आहे. आणि तो चुकीचा का, हे संगणकाला क्रम लावायला शिकवताना जितके स्पष्ट होते तितके अन्य कशानेही होत नाही.

भाषेच्या शिक्षकांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आम्ही कला शाखेचे पदवीधर खरे. परंतु गोव्यातील शाळांतून कोडिंग शिकविण्याची ‘केअर्स’ योजना २०२१ साली सुरू झाल्यापासून प्रोग्रामचे शब्द मुलांच्या तोंडी येऊ लागले आहेत. ‘आधी’, ‘नंतर’, ‘समान असल्यास’ या शब्दांचा नेमका अर्थ सांगणे हे तर भाषेचेच काम. क्रमवारीचा सारा प्रश्न या तीन शब्दांत सामावलेला आहे.

प्रथम गोष्ट नीट समजून घेऊ. एकाच प्रकारच्या वस्तू ओळीने साठवण्याची जी जागा, तिला प्रोग्रामच्या भाषेत ‘ॲरे’ म्हणतात. एका विद्यार्थ्याचे गुण एका ओळीत मांडले, तर तो झाला एकमितीय ॲरे. चाळीस विद्यार्थ्यांच्या चाळीस ओळी एकाखाली एक मांडल्या, की आडव्या ओळी आणि उभे स्तंभ मिळून द्विमितीय ॲरे तयार होतो. आमचे गुणपत्रक म्हणजे हेच. अशा चार तुकड्यांची गुणपत्रके एकत्र ठेवली, तर तिसरी मिती आली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जाहीर केलेल्या ‘जावा’ या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजे वस्तुकेंद्री, भाषेत द्विमितीय ॲरेची रचना मोठी बोधक आहे. तेथे सलग चौकोनी तक्ता असा नसतोच. प्रत्येक ओळ हा स्वतंत्र ॲरे असतो, आणि बाहेरच्या मोठ्या ॲरेत त्या ओळींचे केवळ पत्ते असतात. क्रम बदलताना पत्त्यांची अदलाबदल होते. ओळीच्या पोटातील आकडे जागचे हलत नाहीत. विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक आणि त्याचे गुण एकमेकांपासून तुटत नाहीत.

ही गोष्ट साधी वाटली तरी महत्त्वाची आहे. स्प्रेडशीटवर गुणांचा एकच स्तंभ निवडून त्याचाच क्रम लावला, तर नावे जागच्या जागी राहतात आणि गुण मात्र वरखाली होतात. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतात. आणि यादी इतकी नीटनेटकी दिसते की, वरवर पाहणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. क्रम लावायचा तो पूर्ण ओळीचा, हा या विषयातील पहिला धडा होय.

आता जावाला नुसत्या आकड्यांचा ॲरे दिला आणि क्रम लावण्यास सांगितले, तर ती निमूटपणे चढता क्रम लावून देते. ३५ हा ४० पेक्षा लहान, हे तिला सांगावे लागत नाही. परंतु तिच्यापुढे ओळींचा ॲरे ठेवला आणि ‘लाव क्रम’ एवढेच म्हटले, तर प्रोग्राम चालवताच ती त्रुटी दाखवून थांबते. कारण उघड आहे. एक आकडा दुसऱ्या आकड्याहून लहान असू शकतो. एक ओळ दुसऱ्या ओळीहून लहान म्हणजे काय? कोणत्या स्तंभाने लहान? त्या स्तंभात दोघी समान निघाल्या तर पुढे काय? या प्रश्नांची उत्तरे यंत्राजवळ नाहीत, आणि ती आपणांजवळ नाहीत हे ते कबूल करते.

ती उत्तरे माणसाने द्यावयाची असतात. ज्या लहानशा नियमातून ती द्यावयाची, त्याला जावामध्ये ‘कम्पॅरेटर’ म्हणतात. आपण त्याला तुलनेचा नियम म्हणू. यंत्र या नियमापुढे दोन ओळी ठेवते आणि विचारते, यांतील आधी कोण? पहिली आधी असेल तर नियमाने ऋण संख्या द्यावी, दुसरी आधी असेल तर धन संख्या द्यावी, आणि दोघी समान असतील तर शून्य द्यावे. एवढेच संभाषण. मोठी यादी झाली तरी यंत्र हाच प्रश्न पुनःपुन्हा विचारते आणि मिळालेल्या उत्तरांवरून ओळी लावते. म्हणजे श्रम यंत्राचे, निवाडा नियमाचा. आणि नियम माणसाचा.

चार विद्यार्थ्यांचे एक छोटे गुणपत्रक कल्पून पाहू. मराठी, गणित आणि विज्ञान या क्रमाने पहिल्याचे गुण ७२, ८५, ८०; दुसऱ्याचे ८०, ८५, ७५; तिसऱ्याचे ९०, ७०, ८०; आणि चौथ्याचे ६५, ९१, ७८. गणिताच्या गुणांनी उतरता क्रम लावला, तर चौथा पहिला येतो. मराठीच्या गुणांनी लावला, तर तिसरा पहिला येतो आणि चौथा शेवटी जातो. विज्ञानात पहिला आणि तिसरा यांचे प्रत्येकी ८० गुण. समान असल्यास गणित पाहावे असे म्हटले, तर पहिला वर येतो. एकूण गुण पाहिले, तर दुसरा आणि तिसरा यांचे प्रत्येकी २४०. येथेही गणित पाहिले तर दुसरा वर, मराठी पाहिले तर तिसरा वर. वाचकहो, एकही आकडा बदललेला नाही. कोणी अधिक अभ्यास केला नाही, कोणी कमी केला नाही. तरीही चौघांपैकी प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या नियमाने पहिला आला! मग ‘पहिला’ हा शब्द विद्यार्थ्याविषयी जितके सांगतो, तितकेच तो नियमाविषयीही सांगतो, हे मान्य करावे लागेल.

निकष कोणते, याइतकेच ते कोणत्या अनुक्रमाने, हेही महत्त्वाचे असते. इतिहासातील तारखा आपण दिवस, महिना, वर्ष अशा लिहितो. भारताचे स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७, प्रजासत्ताक २६ जानेवारी १९५०, गोवामुक्ती १९ डिसेंबर १९६१, गोव्यातील जनमत कौल १६ जानेवारी १९६७, आणि गोव्याला घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७. या पाच ओळी, लिहिण्याची जी पद्धत तीच क्रमाची पद्धत समजून, दिवसापासून लावल्या तर काय होते? स्वातंत्र्यानंतर लगेच जनमत कौल येतो, मग गोवामुक्ती, आणि तिच्यानंतर प्रजासत्ताक! मुक्त होण्याआधीच गोव्याने कौल दिला, असा हा इतिहास झाला. आधी वर्ष, वर्ष समान असल्यास महिना, महिना समान असल्यास दिवस, असे बजावून सांगितले म्हणजे पाचही घटना आपापल्या जागी येतात. २०१४ साली आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीपासून ‘थेन-कम्पेअरिंग’ या शब्दाने असे निकष एकापुढे एक जोडता येतात. ‘समान असल्यास मग’ हाच त्याचा अर्थ.

समान ओळींचे काय होते, हाही विचार करण्यासारखा विषय आहे. नियमाने शून्य सांगितले तरी कागदावर दोन नावे एकाच जागी लिहिता येत नाहीत. एक वर आणि एक खाली येणारच. वस्तूंचा क्रम लावताना जावा समान ठरलेल्या ओळींचा आधीचा क्रम मोडत नाही. या गुणाला स्थिरता म्हणतात. पंचकार्डांच्या काळी क्रम लावणारी यंत्रे होती, ती एका वेळी एकच स्तंभ पाहू शकत. कार्डांवरील क्रमांकाचा क्रम लावताना चालक शेवटच्या अंकापासून आरंभ करी आणि डावीकडे सरकत जाई. प्रत्येक फेरीत आधीचा क्रम राखला जाई, म्हणूनच शेवटी सारी कार्डे बिनचूक लागत. आमचे शिक्षकबंधूही नकळत हेच करतात. अनेक तुकड्यांच्या उत्तरपत्रिका आधी हजेरी क्रमांकाने लावून मग तुकडीवार वाटल्या, की प्रत्येक तुकडीचा गठ्ठा आपोआप क्रमाने तयार होतो.

यंत्राच्या अंतर्यामी काय चालते, तेही थोडक्यात सांगतो. दोन लावलेले गठ्ठे एकत्र मिसळून एक मोठा लावलेला गठ्ठा करावयाचा, ही रीत जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९४५ साली संगणकासाठी मांडली. टिम पीटर्स यांनी २००२ साली ‘पायथन’ या भाषेसाठी तिला नवे रूप दिले: गठ्ठ्यातील जो भाग आधीच क्रमाने आहे तो हुडकावा, त्याला विस्कटू नये, आणि असे भाग एकमेकांत मिसळावेत. २०११ साली जावाच्या सातव्या आवृत्तीने वस्तूंच्या क्रमासाठी हीच रीत स्वीकारली. झालेले काम पुन्हा करू नये, ही शहाण्या माणसाची चालच येथे यंत्राला शिकविली आहे.

परंतु या रीतीला एक गोष्ट अत्यावश्यक असते. ती म्हणजे नियमाची सुसंगती. अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी, असे सांगितले, तर अ हा क च्या आधीच असला पाहिजे. आता कोणी अ आणि ब यांची तुलना गुणांनी केली, ब आणि क यांची हस्ताक्षराने केली, आणि क व अ यांची वर्तणुकीने केली, तर तिघे एका वर्तुळात फिरत राहतील आणि पहिला कोण ते ठरणारच नाही. असा विसंगत नियम जावाच्या ध्यानात आला, तर ‘तुलनेच्या नियमाने आपला करार मोडला’ अशा अर्थाचा संदेश देऊन ती काम थांबवते. ते प्रत्येक वेळी तिच्या ध्यानात येतेच असे नाही. तेव्हा यादी तयार होते, पण ती भरवशाची नसते. माणसांच्या व्यवहारात तर असा संदेश कोणीच देत नाही. जागेजागी निकष बदलूनही निवड झाल्याचे जाहीर होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गुणांची नुसती ओळ ही मुकी असते. तिच्या तिसऱ्या घरातला ७० हा गणिताचा की इतिहासाचा, हे ती सांगत नाही; शिवाय घरांची मोजणी शून्यापासून होत असल्याने तिसऱ्या घराचा क्रमांक २ असतो, आणि नवशिक्याचा गोंधळ होतो. वस्तुकेंद्री भाषेचा उपयोग येथे होतो. आपण ‘विद्यार्थी’ नावाचा एक वर्ग, म्हणजे साचा, तयार करावा. नाव, मराठी, गणित, विज्ञान असे त्याचे गुणधर्म नावानिशी लिहावेत. म्हणजे मुक्या ओळीच्या जागी बोलती वस्तू येते, आणि तुलनेचा नियम वाचणाऱ्याला तो काय म्हणतो ते समजते.

अशा वस्तूंचा क्रम सांगण्याचे जावामध्ये दोन मार्ग आहेत, आणि या दोहोंतील भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. पहिला मार्ग ‘कम्पॅरेबल’ हा. येथे क्रम वस्तूच्या आतच लिहिलेला असतो, आणि त्याला ‘स्वाभाविक क्रम’ असे नाव आहे. संख्यांना असा क्रम असतो, तारखांना असतो. दुसरा मार्ग वर सांगितलेल्या ‘कम्पॅरेटर’चा. येथे नियम वस्तूच्या बाहेर असतो; ज्या कामासाठी क्रम हवा, त्या कामापुरता तो लावला जातो आणि काम संपले की दूर होतो. एकाच वस्तूसाठी असे दहा नियम असू शकतात. ‘विद्यार्थी’ या वर्गाला कोणता मार्ग योग्य? आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे. विद्यार्थ्याला स्वाभाविक क्रम नसतो. गणिताच्या स्पर्धेसाठी एक क्रम, निबंधासाठी दुसरा, कवायतीच्या रांगेसाठी उंचीचा तिसरा. हे सर्व बाहेरचे नियम आहेत. त्यांतील एखादा मुलाच्या आत कोरून ठेवून ‘हा पहिला’, ‘हा शेवटचा’ असे वर्षानुवर्षे म्हणत राहणे, हे प्रोग्रामच्या दृष्टीने चुकीचे आणि शिक्षणाच्या दृष्टीने अन्यायाचे आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ या परीक्षेला आमच्या गोव्याचीही मुले दरवर्षी बसतात. २०२० साली या परीक्षेत दोन विद्यार्थ्यांनी ७२० पैकी ७२० गुण मिळविले. समान गुणांसाठी नियम ठरलेले होते: आधी जीवशास्त्राचे गुण, मग रसायनाचे, मग चुकलेल्या उत्तरांची संख्या, आणि तेही समान असल्यास वयाने मोठा तो आधी. पैकीच्या पैकी गुण असल्यावर पहिले तीन निकष समान निघणार हे ठरलेलेच. म्हणून एक देशात पहिला आणि दुसरी देशात दुसरी, हे जन्मतारखेवरून ठरले. पुढच्या वर्षी, २०२१ साली, वयाचा निकष वगळण्यात आला. त्या वर्षी पूर्ण गुण मिळविणारे तिघे होते आणि तिघांनाही पहिला क्रमांक देण्यात आला. दोन्ही वर्षी संगणकाने आपले काम चोख केले. बदलला तो माणसांनी लिहिलेला नियम, आणि त्याबरोबर पहिल्या क्रमांकाचा अर्थ.

यावर कोणी म्हणतील, जागा मोजक्या असतात. कोणाला तरी आधी आणि कोणाला तरी नंतर बोलवावेच लागते. शून्य शून्य म्हणत बसून कसे चालेल? हा आक्षेप रास्त आहे. जेथे एकच जागा आणि दोन समान उमेदवार असतील, तेथे शेवटचा निकष कोणता तरी लागणारच. परंतु मग तो आधी जाहीर करावा, आणि तो सोयीचा निकष आहे, गुणवत्तेचा नव्हे, हेही प्रांजळपणे सांगावे. शाळेच्या वर्गात मात्र अशी अडचण नसते. बक्षिसाची पुस्तके दोन घ्यावी लागली, तर शाळा बुडत नाही. यादीत वर-खाली असणे निराळे आणि क्रमांक निराळा. समान असणाऱ्या दोघांना एकच क्रमांक देऊन त्यापुढच्याला तिसरा देणे, हे प्रोग्रामला दोन ओळींत शिकविता येते.

नावांच्या क्रमातही हाच प्रश्न दडलेला आहे. आमच्या घरची भाषा कोंकणी. ती देवनागरीत लिहिली जाते आणि रोमी लिपीतही. ज्ञानेश्वर हे नाव रोमीत ‘डी’ या अक्षराने लिहितात, म्हणून ते यादीत वर येते. देवनागरी शब्दांचा क्रम जावा, वेगळे काही न सांगितल्यास, युनिकोडमधील अक्षरांच्या क्रमांकांवरून लावते. तेथे ज्ञ हा ज, हलन्त आणि ञ यांचा संयोग असल्याने ज्ञानेश्वर ‘ज’च्या नावांत शेवटाकडे बसतो. आणि वर्गाच्या भिंतीवरील वर्णमालेच्या तक्त्यात ज्ञ सर्वांत शेवटी असतो. एकच मुलगा, तीन जागा! आपल्या वर्णमालेप्रमाणे क्रम हवा असेल, तर जावामध्ये ‘कोलेटर’ची सोय आहे आणि तिला आपले नियम लिहून देता येतात, पण ते लिहून देणारे आपल्यापैकी कोणी असले पाहिजे. आपण लिहिले नाहीत, तर दुसऱ्या कोणाचा तरी नियम आपल्या नावांना लागू होईल.

म्हणून आम्ही सुचवितो ते इतकेच. शाळेत ज्या ज्या गोष्टीसाठी क्रम लावावयाचा असेल, तिचा तुलनेचा नियम साध्या मराठीत, ‘समान असल्यास’ या शब्दांसह, परीक्षेपूर्वी फळ्यावर लिहिला जावा. जेथे नियम शून्य सांगतो, तेथे ओढूनताणून भेद काढू नये. आणि प्रत्येक यादीच्या माथ्यावर ती कशासाठी लावली आहे ते नमूद असावे, म्हणजे एका कामाचा क्रम दुसऱ्या कामात वापरला जाणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, वर दिलेले चौघांचे गुणपत्रक घेऊन त्याचा प्रोग्राम तुम्ही स्वतः लिहून पाहा. ओळी लावण्याचे काम यंत्र करीलच. तुम्ही मात्र नियमाचे एकेक वाक्य लिहिताना थांबा आणि विचारा: हा निकष मी का घेतला, आणि याच्यामुळे खाली गेलेल्याला मी कारण सांगू शकेन काय? ज्याला हे कारण सांगता येते, त्याच्याच हाती क्रमवारीचे काम सोपवावे. मग तो शिक्षक असो, अधिकारी असो, की उद्याचा प्रोग्राम लिहिणारा.